मेंढीपालनाचं सरकारी अनुदान: पैसे मेंढ्या घ्यायला मिळतात, जगवायला नाही

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित अवतार आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, आकडे मात्र पुन्हा तपासून मांडले आहेत. कानाने ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ज्यांना हिशेब करायचा आहे त्यांनी हे वाचाच.)

आजचा विषय तुमच्या मेसेजमधूनच आलाय. "मेंढीपालनाला सरकार ५० लाख देतंय, खरं का?" हा प्रश्न सारखा येतो. रील फिरत असतात. पांढरेशुभ्र मेंढे, लोखंडी शेड, मागे ढोल वाजतोय आणि वर लिहिलंय, '५० टक्के अनुदान, आजच अर्ज करा'.

तर उत्तर असं: योजना खरी आहे. ५० लाखांचा आकडाही खरा आहे. पण तो कुणाला, कशावर आणि कधी मिळतो, हे त्या तीस सेकंदांत कुणी सांगत नाही. आज आपण तेच बघू. आणि शेवटी एक हिशेब मांडू. तो पाहिल्याशिवाय बँकेत जाऊ नका.

आधी दारं किती आणि कुठली?

महाराष्ट्रातल्या तरुणाला मेंढ्यांसाठी अनुदान हवं असेल तर मुख्य दारं तीन.

पहिलं दार: राज्याची 'नाविन्यपूर्ण योजना'. छोटा गट, १० मेंढ्या आणि १ नर. अर्ज पशुसंवर्धन विभागाच्या एएच-महाबीएमएस या पोर्टलवर किंवा ॲपवर करायचा. सर्वसाधारण गटाला ५० टक्के अनुदान, अनुसूचित जाती आणि जमातीला ७५ टक्के.

दुसरं दार: 'राजे यशवंतराव होळकर महामेष योजना'. ही २०१७ पासून सुरू आहे आणि ती भटक्या जमाती-क, म्हणजे धनगर आणि तत्सम समाजासाठी आहे. २० मेंढ्या आणि १ मेंढा असा गट, ७५ टक्के अनुदान, २५ टक्के तुमचा हिस्सा. ज्यांच्याकडे आधीच मेंढ्या आहेत त्यांना सुधारित जातीचा नर, पायाभूत सोयी, खाद्य, मुरघासाची यंत्रं असे वेगवेगळे घटकही यात आहेत. काम पाहतं पुण्याचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ.

तिसरं दार: केंद्राचं 'राष्ट्रीय पशुधन अभियान'. रीलमधले ५० लाख इथले. याला जातीची अट नाही. एकटा माणूस, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, सगळे अर्ज करू शकतात. गट मात्र मोठे:

- १०० माद्या + ५ नर: अनुदान जास्तीत जास्त १० लाख
- २०० + १०: २० लाख
- ३०० + १५: ३० लाख
- ४०० + २०: ४० लाख
- ५०० + २५: ५० लाख

म्हणजे ५० लाख मिळवायचे तर ५२५ जनावरं सांभाळायची तयारी हवी, आणि साधारण एक कोटीचा प्रकल्प उभा करायचा. ज्याच्या दावणीला आजवर एक शेळी नव्हती त्याने हे करावं का? थोडं थांबा, हिशेबाकडे येतोच आहे.

'अनुदान' या शब्दात नेमकं काय बसतं?

छोट्या योजनेपासून सुरुवात करू, कारण तिथे सगळं उघड दिसतं. १० + १ माडग्याळ मेंढ्यांच्या गटाची योजनेत धरलेली किंमत आहे १,२८,८५० रुपये. हा आकडा फोडून बघा:

- १० मेंढ्या, प्रत्येकी १०,००० : १,००,०००
- १ नर : १२,०००
- विमा : १६,८५०

झाली बेरीज. सर्वसाधारण गटाला याच्या निम्मे म्हणजे ६४,४२५ रुपये मिळतात, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थ्याला ९६,६३८. दख्खनी मेंढी घेतली तर मेंढी ८,००० आणि नर १०,००० धरून गटाची किंमत १,०३,५४५ होते.

आता या यादीत काय नाही ते पाहा. शेड नाही. चारा नाही. पेंड, औषध, मजुरी, पाणी, काहीच नाही. जनावर आणि विमा, एवढंच. आणि बाजारात माडग्याळ मेंढी १०,००० ला मिळाली नाही, तर वरचा फरक तुमच्या खिशातून.

केंद्राच्या योजनेत यादी मोठी आहे. शेड, जनावरं, चारा लागवड, कडबाकुट्टी, इतर साहित्य, विमा हे सगळं प्रकल्पात धरता येतं. पण तिथेही जमीन विकत घ्यायला, जमिनीच्या भाड्याला, स्वतःच्या गाडीला आणि खेळत्या भांडवलाला पैसे नाहीत. खेळतं भांडवल म्हणजे काय? रोजचा चारा, रोजचं औषध, महिन्याचा पगार. म्हणजे मेंढी जगते ज्यावर, तेच.

एक वाक्य लक्षात ठेवा: अनुदान मेंढ्या घ्यायला मिळतं, मेंढ्या जगवायला मिळत नाही.

पैसा हातात कसा येतो?

राष्ट्रीय पशुधन अभियानाचा रस्ता असा आहे. तुम्ही उद्यमीमित्र पोर्टलवर अर्ज करता. सोबत आधार, पॅन, जमिनीचा सातबारा किंवा भाडेकरार, प्रकल्प अहवाल, प्रशिक्षणाचा किंवा अनुभवाचा दाखला. राज्याची यंत्रणा अर्ज तपासते. मग बँक कर्ज मंजूर करते का, हा टप्पा. नंतर राज्याची समिती शिफारस करते, केंद्र मंजुरी देतं. अनुदान सिडबीमार्फत बँकेकडे येतं, दोन समान हप्त्यांत. पहिला सुरुवातीला, दुसरा प्रकल्प पूर्ण झाल्यावर आणि अधिकाऱ्यांनी जागेवर येऊन पाहिल्यावर.

याचा अर्थ कळला का? १० लाखांतले ५ लाख तुम्हाला तेव्हा मिळणार, जेव्हा शेड उभी आहे आणि जनावरं आत आहेत. तोवर तो खर्च तुम्ही किंवा बँकेने उचललेला असतो. त्यावर व्याज सुरू असतं. म्हणून "अनुदान आलं की शेड बांधतो" असं म्हणणाऱ्याचा प्रकल्प पुढे सरकत नाही. आणि बरेच अर्ज अडकतात ते बँकेपाशी. पोर्टलवर फॉर्म भरण्याआधी शाखेत जाऊन मॅनेजरशी बोला. "साहेब, असा प्रकल्प आहे, तुम्ही कर्ज द्याल का, तारण काय लागेल?" एवढं विचारा. हे एक बोलणं तुमचे सहा महिने वाचवू शकतं.

महामेष आणि नाविन्यपूर्ण योजनेत जिल्ह्याला ठरावीक उद्दिष्ट असतं आणि अर्ज ठरावीक दिवसांतच घेतात. त्यामुळे पात्र असूनही नाव लागेलच असं नाही. नाव लागण्याआधी कर्ज काढून बसू नका.

आता तो हिशेब

१०० + ५ चा गट घेऊ. समजा प्रकल्प २० लाखांचा. अनुदान १० लाख, तुमचे २ लाख, बँकेचे ८ लाख. व्याज १० टक्के, मुदत ५ वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता साधारण १७,००० येतो, म्हणजे वर्षाला २ लाख ४ हजार. पुढचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या गावचे टाका.

मेंढी गाभण राहिल्यापासून साधारण १५० दिवसांनी विते, म्हणजे पाच महिने. आपल्या दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं. जनावरं आणली, ती रुळली, नराला लागली, पाच महिन्यांनी व्याली, कोकरू तीन-चार महिन्यांचं झालं की पहिली विक्री. म्हणजे पहिला रुपया यायला दहा ते बारा महिने. तोवर चारा रोज लागणार आणि बँकेचं व्याज रोज चढणार.

दुसऱ्या वर्षापासून नीट सांभाळ असेल तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. वर्षाला १२० कोकरं जन्मली असं धरू. १५ गेली. उरली १०५. त्यातली २० चांगल्या माद्या कळपासाठी ठेवल्या. विकायला ८५. प्रत्येकी ७,००० रुपये धरले तर ५,९५,०००.

आता चारा. दोन तरुण घ्या. दोघांचं अनुदान तेच, शेड तीच, मेंढ्याही तशाच.

पहिला तरुण सगळं विकत आणतो. एका जनावरामागे रोज २० रुपये. १०५ जनावरं × २० × ३६५ दिवस = ७,६६,५००.

दुसऱ्याकडे स्वतःचा चारा आहे आणि दिवसा चरायला रान आहे. त्याला पडतात रोज ८ रुपये. वर्षाचे ३,०६,६००.

पहिल्याची विक्री ५,९५,०००, नुसता चाराच ७,६६,५००. हप्ता भरायच्या आधीच तो पावणेदोन लाखांनी खड्ड्यात. दुसऱ्याकडे चारा आणि हप्ता वजा जाऊन ८४ हजारांच्या आसपास उरतात. त्यातून औषध, मजुरी, वीज. वर लेंडीखत आणि म्हाताऱ्या मेंढ्यांची विक्री, हे थोडं जास्तीचं. श्रीमंत नाही झाला, पण तो टिकला. पाच वर्षांनी हप्ता संपला की तेच २ लाख त्याचे.

दोघांच्या चाऱ्यातला फरक वर्षाला ४,५९,९००. म्हणजे सरकारने दिलेले १० लाख दोन वर्षं दोन महिन्यांत चाऱ्याच्या फरकात संपले.

अनुदान फुकट जातं असं यातून काढू नका. हेच १८ लाख कर्ज असतं तर हप्ता वर्षाला साडेचार लाखांच्या वर गेला असता आणि दुसरा तरुणही बुडाला असता. अनुदान लागतंच. पण ते चाऱ्याची जागा घेत नाही.

मग चारा किती लागतो?

साधा ठोकताळा: ३० किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण १ किलो कोरडं खाद्य लागतं. कोरडं म्हणजे त्यातलं पाणी काढून. १०५ जनावरांना वर्षाला ३८ टन. ओल्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. त्यामुळे निम्मी गरज ओल्या चाऱ्यातून भागवायची म्हटलं तर वर्षाला ९० टनांच्या आसपास ओला चारा, आणि उरलेल्या गरजेसाठी २० टनांवर कडबा किंवा भुसा. आता स्वतःला विचारा: एवढं पाणी आहे का? एप्रिल-मे मध्ये आहे का? माण, जत, सांगोला या भागातल्या मंडळींना हा प्रश्न मी समजावून सांगायची गरज नाही.

आणि मेंढी मुळात फिरून चरणारं जनावर आहे. आपला धनगर समाज पिढ्यानपिढ्या कळप घेऊन चालतो तो हौस म्हणून नाही. पाऊस जिकडे, चारा तिकडे. रात्री वाघर लावून शेतात मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. चाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य. हा हिशेब शेडमधल्या कुठल्याही प्रकल्पाहून जुना आहे आणि तगडा आहे. अडचण आहे ती चराऊ रानांची, ती आटत चालली आहेत. पावसाळ्यात शेतं पिकांनी भरलेली, वनात बंदी, मग कळप न्यायचा कुठे? म्हणूनच महामेषच्या जोडीने मेंढपाळ कुटुंबांसाठी चराई अनुदान आहे: जून ते सप्टेंबर, महिना ६,०००, एकूण २४,०००. किमान २० मेंढ्या आणि १ नर असलेल्या भटक्या जमाती-क मधल्या कुटुंबांसाठी. रकमेने लहान आहे, पण थेट जगवण्याकडे बघणारी गोष्ट आहे. तुमच्या घरी कळप असेल तर ही चुकवू नका.

जात कुठली घ्यायची?

दख्खनी: काळी, काटक, उन्हाला आणि चालण्याला पक्की. माडग्याळ: सांगलीच्या जत तालुक्यातली, उंच, लांब मानेची, बाकदार नाकाची, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, वजनाला भारी. आणि तिसरं नाव ऐकून ठेवा, नारी सुवर्णा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ या लहानशा मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणला. म्हणजे एका वेताला दोन कोकरं मिळण्याची शक्यता वाढते. वरच्या हिशेबात याने मोठा फरक पडतो. पण जुळी जगवायची तर आईला दूध हवं, दुधाला खुराक हवा. फिरून पुन्हा चाऱ्यावरच आलो!

लोकरीवर हिशेब मांडू नका. दख्खनी लोकर जाडीभरडी, घोंगडीला चांगली, पण आज बहुतेक ठिकाणी कातरणीची मजुरीसुद्धा त्यातून सुटत नाही. उत्पन्न मांसातून.

खरेदीला जाताना जाणकार मेंढपाळ सोबत न्या. दात बघा: दोन दाती म्हणजे साधारण दीड वर्षाची. दोन ते चार दाती घ्या. कास बघा, खूर बघा, डोळ्याची आतली पापणी फिकट असेल तर पोटात जंत समजा. महामंडळाची रांजणी, महूद, दहिवडी अशी प्रक्षेत्रं आहेत. तिथे जाऊन एक दिवस नुसतं बघून या.

कागदावरच्या मेंढ्या

खरेदीवरून शेजारची एक गोष्ट सांगतो. तेलंगणाने जून २०१७ मध्ये मेंढी वाटपाची मोठी योजना काढली. २० + १ चा गट, किंमत १,२५,००० रुपये, ७५ टक्के सरकारचे, ३१,२५० लाभार्थ्याचे. आपल्या महामेषसारखंच गणित. पुढे कॅगने तपासणी केली तेव्हा मेंढ्यांच्या वाहतुकीच्या नोंदींत दुचाकी आणि ॲम्ब्युलन्सचे नंबर निघाले. म्हणजे कागदावर मेंढ्या पोचल्या, प्रत्यक्षात नाही. चौकश्या लागल्या.

आपल्याला काय शिकायचंय? "सही करा, मेंढ्या दाखवायला मी आणतो, नंतर परत नेतो, अनुदान निम्मं निम्मं" असं कुणी म्हणालं तर त्याला लांबूनच नमस्कार. त्याच्या हातात रोख जाते, कर्जाच्या कागदावर मात्र तुमचं नाव राहतं. तसंच "मंजुरी करून देतो, दहा टक्के आधी द्या" म्हणणारा. अर्ज ऑनलाइन आहे, तो तुम्हीच भरू शकता. अडलं तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात विचारा.

जगवायची तरतूद कुठून?

तीन गोष्टी.

एक, किसान क्रेडिट कार्ड. पशुपालनालाही मिळतं. खेळत्या भांडवलासाठी, २ लाखांपर्यंत सवलतीच्या ७ टक्के व्याजाने. वेळेवर फेडलं तर ते ४ टक्क्यांवर येतं. अनुदानात नसलेला चारा-औषधाचा खर्च इथून भागवा, बारा टक्क्यांच्या खासगी कर्जातून नको.

दोन, विमा. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या निर्णयानंतर पशुधन अभियानातल्या विम्यात पशुपालकाचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला गेला. कानातला बिल्ला जपून ठेवा. मेलेल्या जनावराच्या कानात बिल्ला नसेल तर दावा अडतो.

तीन, लसी. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची, शिवाय पीपीआर, देवी आणि लाळ्या-खुरकूत. दवाखान्यातलं वेळापत्रक भिंतीवर लावा. एकत्र कोंडलेल्या शंभर मेंढ्यांत आजार शिरला तर आठवडाभरात कळप अर्धा होऊ शकतो. तोवर अनुदानाचा दुसरा हप्तासुद्धा आलेला नसेल.

तर, कुणी काय करावं?

घरात कळप आहे, समाज भज-क: महामेष आणि चराई अनुदान, हे आधी. तुमच्याकडे जे ज्ञान आहे ते विकत मिळत नाही.

अनुभव नाही, थोडी जमीन आहे: १० + १ पासून सुरू करा. अनुदान मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी पाच-सहा मेंढ्या स्वतःच्या पैशाने घ्या. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढा. या दोन ऋतूंत तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही प्रशिक्षणात कळत नाही.

पाणी आहे, चारा आहे, एक-दोन वर्षांचा अनुभव आहे: मग १०० + ५ चा विचार करा. आणि क्रम असा ठेवा: आधी चारा लावा, मग बँकेशी बोला, मग अर्ज, मग शेड, शेवटी मेंढ्या. रीलमध्ये हा क्रम बरोब्बर उलटा असतो.

एक काम आजच करा. वहीचं एक पान घ्या. 'एका मेंढीला रोज किती रुपये' एवढंच लिहा आणि तो आकडा तुमच्या शिवारातून काढा. तो २० च्या जवळ येत असेल तर थांबा, आधी चाऱ्याचं बघा. ८-१० च्या आसपास असेल तर बिनधास्त पुढच्या टप्प्याला लागा.

तुमचा आकडा किती आला ते आम्हाला कळवा, सोबत तालुकाही लिहा. पुढच्या भागात आपण मुरघासाबद्दल बोलू: पावसाळ्यातला चारा मे महिन्यापर्यंत कसा पुरवायचा. आणि गावात कुणी शेडच्या कोटेशनची फाईल घेऊन फिरत असेल, तर त्याला हा भाग सही करायच्या आधी पाठवा. भेटू!